दिवसभर संगणकासमोर बसून ही मुले करतात तरी काय?

गोंडपिपरी, प्रतिनिधी : चंद्रपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या गोंडपिपरी तालुक्यात शिक्षक, तलाठी किंवा वनरक्षक काय काम करतो, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्याच्या हिंजवडीत वा नागपूरच्या मिहानमध्ये ‘सॉफ्टवेअर’ला लागलेला मुलगा नेमके काय करतो, हे मात्र अनेकदा त्याच्या आईवडिलांनाही सांगता येत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अशी मुले लॅपटॉप घेऊन आपापल्या गावी परतली, तेव्हा हे काम खेड्यापाड्यांनी प्रथमच जवळून पाहिले. त्याने कोडे सुटण्याऐवजी वाढलेच. मुलगा तासन् तास पडद्याकडे नुसता पाहत बसतो, मध्येच इंग्रजीत बोलतो, रात्री अकरालाही उठत नाही, आणि महिनाअखेरीस पगार जमा होतो!

हे ‘नुसते पाहणे’ हाच या व्यवसायाचा मोठा भाग आहे. सॉफ्टवेअर अभियंता दिवसभर नवे प्रोग्राम लिहीत असतो, हा समज बव्हंशी चुकीचा. त्याच्या वाट्याला सहसा दुसऱ्या कुणीतरी दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला, लाखो ओळींचा कोड येतो. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. समजा, एखाद्या बँकेच्या प्रणालीत व्याजाची आकारणी एका विशिष्ट तारखेला चुकते आहे. ती चूक कुठे आहे, हे शोधण्यात दोन दिवस जातात. दुरुस्ती चार ओळींची असते. त्या चार ओळी सहकारी तपासतो, नंतर टेस्टर तपासतो, आणि मग त्या प्रत्यक्ष वापरात जातात. चालू बँक बंद ठेवता येत नाही, म्हणून हे काम बहुधा रात्री किंवा शनिवार-रविवारी होते. अशा ‘रिलीज’च्या वेळी रोवणीच्या दिवसांसारखी स्थिती असते : सगळे हात एकाच वेळी लागतात आणि सबब चालत नाही.

कामाची आखणी आता बहुतेक ठिकाणी ‘अजाइल’ पद्धतीने होते. २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ तज्ज्ञांनी एकत्र येऊन तिचा जाहीरनामा तयार केला. काम साधारण दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत वाटायचे, आणि काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती, हे रोज थोडक्यात सर्वांसमोर सांगायचे. मूळ हेतू कागदी घोडे कमी करण्याचा होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती रोजची हजेरी होऊन बसली, हे मान्य करावे लागेल. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला प्रोग्रामपेक्षा ही पंधरा मिनिटेच सुरुवातीला अधिक जड जातात. त्याला उत्तर येत असते. ते इंग्रजीत मांडताना तो अडखळतो, आणि बढतीच्या वेळी नेमके तेच आडवे येते.

वेळेचे गणित ग्राहकाच्या घड्याळावर चालते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. त्यामुळे दिवसाचे काम आटोपल्यावर खरी बैठक सुरू होते. शिवाय आळीपाळीने ‘ऑन-कॉल’ असते. प्रणाली बंद पडली तर रात्री दोनलाही फोन उचलावाच लागतो.

पगाराबाबत गावात बरेच गैरसमज आहेत. मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्याला मिळणारे वार्षिक ‘पॅकेज’ दशकभराहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपासच घोटाळत राहिले आहे. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम त्यातच धरलेली असते. हाती येणाऱ्या साधारण पंचवीस हजारांतून पुण्यातील खोलीभाडे, मेस आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता गेला की घरी पाठवायला फार उरत नाही. चित्र पालटते ते तीन-चार वर्षांनी, आणि तेही नवे तंत्र शिकत राहणाऱ्यांसाठीच.

ज्याला प्रकल्प नाही, तो ‘बेंच’वर. पगार सुरू असतो, पण झोप उडालेली असते. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षाकाठी किमान २२५ दिवस प्रकल्पावर असण्याची आणि ३५ दिवसांपेक्षा अधिक काळ बेंचवर न राहण्याची अट घातली. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने सुमारे १२ हजार पदे कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यांत मधल्या व वरच्या फळीतील लोक मुख्यत्वे होते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता साधा कोड क्षणात लिहून देतात. पूर्वी नवख्याला शिकण्यासाठी म्हणून जे सोपे काम दिले जाई, तेच यंत्राकडे जाऊ लागले आहे.

मग गावात राहून हे काम का होऊ नये? टाळेबंदीत ते झाले. पण पावसाळ्यात वादळाने वीज गेली की इन्व्हर्टर तीन-चार तासच साथ देतो, आणि वीज नसली की मोबाईलचे टॉवरही फार काळ तग धरत नाहीत. ग्राहकासमोर आवाज तुटला की कारण कुणी विचारत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून टीसीएसने आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले. इतर कंपन्यांनीही हळूहळू तोच मार्ग धरला. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि एचसीएल यांची केंद्रे असल्याने नागपूरला बदली मागणाऱ्यांची संख्या लहान नाही. मात्र बदली मिळते ती त्या केंद्रात आपल्या कामाचा प्रकल्प असेल तरच. तोवर शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचे, शनिवारी बल्लारपूरमार्गे कोठारी ओलांडून घर गाठायचे आणि रविवारी दुपारी पुन्हा पिशवी भरायची.