ऊब कोठून घ्यावी? : घरगुती उष्णतापंपाच्या जागेचा विचार



स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय काहींना अगदीच घरगुती वाटण्याचा संभव आहे. परंतु पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन तालुक्यांत जुनी घरे दुरुस्त होत आहेत, नवी उभी राहत आहेत, आणि न्हाणीत चुलीवर बसविलेल्या तांब्याच्या भाणाची जागा विजेच्या गीझरने केव्हाच घेतली आहे. आता गीझरच्या जागी उष्णतापंप येऊ लागला आहे. बाजारात त्याला हीट पंप म्हणतात. यंत्र कोणते घ्यावे याची चौकशी पुष्कळ होते. ते कोठे बसवावे हा प्रश्न मात्र बहुधा यंत्र दारात येऊन उभे राहिल्यावर सुचतो, आणि विजेची जोडणी जेथे जवळ तेथे ते बसविले जाते. माझे आजचे प्रतिपादन एवढेच आहे, की या यंत्राच्या बाबतीत जागा हा यंत्राचाच अर्धा भाग होय.

यंत्र काय करते

गीझर विजेची उष्णता करतो. एक युनिट वीज दिली तर जास्तीत जास्त एक युनिट उष्णता मिळते. उष्णतापंप उष्णता निर्माण करीत नाही; तो ती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेतो. त्याच्या नळ्यांतून फिरणारा शीतक पदार्थ हवेच्या संपर्कात येऊन तिची ऊब शोषतो व त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, तेव्हा तिचे तापमान वाढते, आणि टाकीभोवतीच्या नळ्यांत ती पुन्हा द्रवरूप होताना आपली उष्णता पाण्याला देते. आपल्या घरातील फ्रिज हेच काम करतो. फ्रिजमध्ये आपल्याला थंडावा हवा असतो, येथे ऊब हवी असते.

ही कल्पना नवी नव्हे. लॉर्ड केल्विन या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५२ साली ती मांडली. त्यानंतर चार-पाच वर्षांतच ऑस्ट्रियातील एबेनझे येथील मीठ-कारखान्यात पीटर फोन रिटिंगर यांनी खारे पाणी आटविण्यासाठी तिचा उपयोग केला. आगरवाड्याची मिठागरे पाहिलेल्या पेडणेकरांना याचे कौतुक वाटावे. जे काम आपल्याकडे ऊन आणि वारा फुकट करतात, ते थंड देशात यंत्राकडून करवून घ्यावे लागले. पुढे १९३८ साली झुरिच येथील नगरगृह लिमाट नदीच्या पाण्यातून घेतलेल्या उष्णतेने उबदार करण्यात आले. म्हणजे तेथेही पहिला प्रश्न हाच होता, की ऊब कोठून घ्यावयाची?

आपल्यापुरते गणित सोपे आहे. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यावयास सुमारे साडेतीन युनिट उष्णता लागते. गीझर ती सगळी विजेतून घेतो. तिप्पट काम देणारा उष्णतापंप सुमारे १.२ युनिट विजेतून आणि उरलेली २.३ युनिटे हवेतून घेतो. दिवसाला २०० लिटर गरम पाणी वापरणाऱ्या कुटुंबाची यात महिन्याला १४० युनिटांच्या आसपास बचत होते. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही.

परंतु ‘तिप्पट’ हा आकडा यंत्राच्या अंगावर कायमचा कोरलेला नसतो. हवेतील ऊब घेणारी नळी २० अंशांवर आणि पाणी ५५ अंशांवर असेल, तर शास्त्राने घालून दिलेली कमाल मर्यादा नऊपटीहून थोडी अधिक येते. चांगले यंत्र तिच्या सुमारे तिसऱ्या हिश्शापर्यंत पोहोचते. तीच नळी ५ अंशांवर उतरली, तर मर्यादाच साडेसहापटीवर येते आणि प्रत्यक्ष फळही त्याच प्रमाणात घटते. मग आपल्या उष्ण गोव्यात नळी इतकी थंड का व्हावी? चुकीच्या जागेमुळे.

बंदिस्त जागा आणि मोकळी जागा

हा पंप ज्या हवेतून ऊब घेतो, ती हवा थंड करून बाहेर टाकतो. यंत्र बंद खोलीत असेल, तर तीच थंड हवा फिरून पुन्हा त्याच्याच तोंडाशी येते. म्हणून घरात बसवावयाचे असल्यास खोलीचे आकारमान सुमारे १००० घनफूट तरी असावे, असे सर्वसाधारणपणे सांगतात. सहा फूट रुंद, आठ फूट लांब व दहा फूट उंच न्हाणी अवघी ४८० घनफूट भरते. भाण न्हाणीत होते म्हणून पंपही न्हाणीत, हा हिशेब येथे चुकतो. भाणाखालील चुलीला ऊब लाकडातून मिळत होती, पंपाला ती हवेतून मिळवावयाची आहे. दोन घरांमधील अरुंद बोळातही हीच अडचण येते. समोरच्या भिंतीवर आपटून थंड हवा परत फिरते.

येथे एका गोंधळाचे निरसन केले पाहिजे. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा पेटारा हाही उष्णतापंपाचाच भाग आहे, पण त्याला उष्णता बाहेर टाकावयाची असते. त्यास गारवा आणि सावली मानवते. पाणी तापविणाऱ्या पंपाला भोवती उबदार हवा हवी. म्हणून एकाची जागा दुसऱ्याला डोळे मिटून देऊ नये. तथापि उबदार हवा याचा अर्थ यंत्र भर उन्हात तापत ठेवणे असाही नव्हे. उन्हाने प्लॅस्टिकचे भाग आणि तारांची आवरणे लवकर जीर्ण होतात, आणि लाभ नाममात्र होतो. आपल्याकडे दुपारी दोन ते चार या वेळात सावलीतील हवाही पुरेशी तापलेली असते. यंत्राला वेळ लावण्याची सोय असते. दुपारी पाणी तापवून झाकलेल्या टाकीत ठेवले, तर ते रात्री व सकाळी पुरते. ऊब वेळेने साधावी आणि आडोसा जागेने साधावा, हे सूत्र आपल्या प्रदेशास लागू पडते.

पावसाळ्याची चिंता अनेकजण बोलून दाखवितात. सौर तापकाला त्या चार महिन्यांत ऊन मिळत नाही, हे खरेच. उष्णतापंपाला मात्र दमट हवा उपकारक ठरते. हवेतील बाष्पाचे नळीवर एक लिटर पाणी होते, तेव्हा सुमारे ०.६८ युनिट उष्णता यंत्राला मिळते. हे पाणी ठिबकत राहते, म्हणून त्याच्या निचऱ्याची नळी आधीच योजावी. शेजाऱ्याच्या भिंतीवर ते सोडू नये. केळीच्या आळ्यात सोडावे.

पेडण्याचा किनारा

केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या गावांत यंत्राचा मोठा शत्रू म्हणजे खारा वारा. ऊब घेणाऱ्या भागात तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमची पातळ पाती असतात. दोन निरनिराळे धातू आणि मिठाचा ओलावा एकत्र आले, की ॲल्युमिनियम झिजू लागते. समुद्र पश्चिमेला आहे, आणि पावसाची झडही पश्चिम व नैर्ऋत्य दिशांकडून येते. म्हणून घराची पूर्व किंवा ईशान्य बाजू ही पहिली पसंती असावी. वळचणीखाली यंत्र ठेवले, तर झडीपासून बचाव होतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उघड्या यंत्रावरील मीठ पाऊस धुऊन नेतो, आडोशाच्या यंत्रावरील मीठ साचत राहते. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा वीज बंद करून पाती गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावीत, आणि खरेदीच्या वेळीच लेप दिलेली पाती मागावीत. विहिरीचे पाणी मचूळ असल्यास टाकीतील मॅग्नेशियमची कांडीही लवकर झिजते; ती वेळोवेळी पाहता यावी एवढी जागा टाकीच्या वर ठेवावी. माडाखाली यंत्र ठेवू नये, हे मी पेडणेकरांना सांगावयास नको.

डिचोलीचा अंतर्भाग

डिचोलीत समुद्र दूर आहे, परंतु लाल धूळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या. लिलावानंतर २०२४ साली तालुक्यात उत्खनन पुन्हा सुरू झाले. खनिजाच्या वाहतुकीचा रस्ता घराजवळून जात असेल, तर यंत्र रस्त्याच्या विरुद्ध बाजूस असावे. पात्यांमधील फटी धुळीने भरल्या, की हवा कमी वाहते, नळी अधिक थंड होते, आणि वर सांगितलेले गणित बिघडते. दुसरा विचार पुराचा. जुलै २०२१ मध्ये डिचोली आणि पेडणे या दोन्ही तालुक्यांतील सखल भागांत पाणी शिरले. वाळवंटीच्या काठी किंवा कोणत्याही सखल वस्तीत पंप जमिनीवर न ठेवता, गावातील वृद्धांना आठवणाऱ्या पुराच्या खुणेहून उंच जोत्यावर ठेवावा.

भार, नाद आणि अंतर

२०० लिटरांची भरलेली टाकी यंत्रासह ३०० किलोच्या घरात जाते. जुन्या घराच्या लाकडी माळ्यावर ती चढवू नये, कौलांखालची हवा कितीही उबदार असो. जांभ्याच्या चिऱ्यात खिळे-बोल्ट कालांतराने सैल होतात, म्हणून भिंतीला टांगण्यापेक्षा काँक्रीटचे जोते बरे.

राजांगणाचा मोह अनेकांना होतो. तेथे हवा खेळती असते, हे मान्य. परंतु चारी भिंतींवर आदळून पंख्याचा व कॉम्प्रेसरचा आवाज घुमतो, थंड जड हवा तळाशी बसते, आणि तुळशीपुढे बसणाऱ्या वृद्धांच्या कानाशी तो नाद राहतो. झोपण्याच्या खोलीची खिडकी आणि शेजाऱ्याची हद्द, या दोहोंपासून यंत्र दूर असावे. वीज वाचवून शेजार गमाविणे हा फायद्याचा व्यवहार नव्हे.

उलट फार दूर नेल्यासही नुकसान आहे. अर्धा इंची नळीच्या प्रत्येक मीटरमध्ये १२५ मिलिलिटरांच्या आसपास पाणी राहते. पंधरा मीटर नळी असेल, तर प्रत्येक वेळी जवळजवळ दोन लिटर गार पाणी आधी सोडावे लागते, आणि नळीत मागे राहिलेले गरम पाणी निवून वाया जाते. म्हणून न्हाणी व स्वयंपाकघर या दोहोंना जवळ अशी मागची पडवी ही बहुतेक घरांत उत्तम जागा ठरते. तेथून येणारा गारवा रांधणाऱ्यांनाही सुखावह होतो. मात्र यंत्राचे तोंड चुलीकडे नसावे. फोडणीचा तेलकट धूर पात्यांवर बसला, की तो साध्या पाण्याने निघत नाही.

निर्णयापूर्वी करावयाची एक गोष्ट सुचवितो. मनात योजलेल्या जागी पहाटे, दुपारी आणि मुसळधार पावसात, असे तीनदा जाऊन उभे राहावे. हाती एक पेटती उदबत्ती धरावी. धूर दूर वाहून गेला, तर हवा खेळती आहे. भोवतीच घुटमळला, तर यंत्राची थंड हवाही तशीच घुटमळेल. पावसात झड कोठवर येते आणि अंगणातले पाणी कोठे साचते, ते पाहावे. घरातील ज्या व्यक्तीला ते यंत्र रोज हाताळावयाचे व धुवावयाचे आहे, तिला सोबत न्यावे आणि तिचे मत अखेरचे मानावे. पूर्वी भाणाखालचा धूर तिच्याच डोळ्यांत गेला. नव्या यंत्राची जागा ठरविताना तरी तिला विचारले जावे.

आपल्या पूर्वजांनी विहीर, न्हाणी, गोठा आणि ओटी यांच्या जागा वारा, पाऊस व उतार पाहून ठरविल्या. त्यांच्यापाशी तापमापक नव्हता, परंतु ऋतूंचे निरीक्षण होते. आपल्यापाशी दोन्ही आहेत. शाळेत शिकलेले उष्णतेचे धडे परीक्षेनंतर विसरले जातात, ही तक्रार जुनी आहे; घर बांधताना त्यांची आठवण झाली, तरी या शाळेच्या वर्गांत ते शिकविणाऱ्यांचे ऋण काही अंशी फिटेल.