जुन्या संगणकास बिनतारी जोडणी
मुक्त कार्यप्रणालीवर नेटवर्क कार्ड कसे कार्यान्वित करावे

शाळेतील अथवा ग्रामपंचायत कार्यालयातील संगणक ‘बंद पडला’ असे जेव्हा सांगण्यात येते, तेव्हा तो प्रत्येक वेळी खरोखरच बंद पडलेला असतो असे नाही. पुष्कळदा यंत्र सुस्थितीत असते. पडदा उजळतो, कळफलक चालतो, छपाईही होते. केवळ त्याचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटलेला असतो. दाखले, विद्यार्थ्यांच्या नोंदी, योजनांचे अर्ज यांसारखी अनेक कामे आता इंटरनेटवरूनच करावी लागत असल्याने असे यंत्र कोपऱ्यात पडून राहते आणि यथावकाश त्याचे नाव निर्लेखनाच्या यादीत जाते. वास्तविक दोष हातभर यंत्रात नसून तळहाताहूनही लहान अशा एका कार्डात, किंबहुना त्या कार्डाला लागणाऱ्या एका छोट्याशा फाइलीत असतो.

हा प्रश्न आज विशेष महत्त्वाचा ठरला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीस नियमित सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणे १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबविले. तिच्या पुढील विंडोज ११ या आवृत्तीसाठी यंत्राच्या ज्या अटी आहेत, त्या अनेक जुन्या संगणकांस पुऱ्या करता येत नाहीत. अशा यंत्रांना आणखी काही वर्षे उपयोगात ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे त्यांवर मुक्त स्रोत कार्यप्रणाली बसविणे. मात्र ती बसविल्यावर बहुधा पहिली अडचण येते ती बिनतारी जोडणीची. ती का येते आणि कशी दूर करावी, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मुक्त कार्यप्रणालीची पार्श्वभूमी

सर्वांस वापरता, अभ्यासता व सुधारता येईल अशी संपूर्ण प्रणाली उभारण्याचा संकल्प अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा सिद्ध केला. या दोन्ही प्रयत्नांच्या मिलाफातून आजच्या डेबियन, उबुंटू आदी प्रणाली निर्माण झाल्या. भारतात, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली आहे. केरळ राज्यातील शाळांतूनही मुक्त प्रणालीचा वापर गेली अनेक वर्षे होत आहे.

साखळीच्या तीन कड्या

बिनतारी जोडणीसाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली म्हणजे प्रत्यक्ष कार्ड. ते संगणकाच्या आत बसविलेले असते किंवा यूएसबी खाचेत बाहेरून लावलेले असते. दुसरी गोष्ट म्हणजे ड्रायव्हर. हा कार्यप्रणाली व कार्ड यांच्यामधील दुभाषा होय. प्रणालीची आज्ञा कार्डास समजेल अशा भाषेत सांगणे व कार्डाचे उत्तर प्रणालीस कळविणे, हे त्याचे काम. तिसरी गोष्ट म्हणजे फर्मवेअर. हा कार्डातील चिमुकल्या प्रक्रियकासाठी लिहिलेला आज्ञासंच असतो. अनेक कार्डांत तो कायमचा साठविलेला नसतो. संगणक सुरू झाला की दर वेळी ड्रायव्हर तो कार्डात भरतो.

या तीन कड्यांपैकी एक जरी निखळली, तरी परिणाम एकच दिसतो : जोडणी मिळत नाही. सबब, कोणती कडी निखळली आहे हे आधी शोधावे आणि मग उपाय करावा, हाच या विषयातील मुख्य नियम आहे. कारण न शोधता पुन्हा पुन्हा प्रणाली बसवीत राहिल्याने केवळ वेळ वाया जातो.

ब्रॉडकॉम कार्डांची कथा

अशी अडचण मुळात का निर्माण होते, हे ब्रॉडकॉम कंपनीच्या कार्डांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. २००३ नंतरच्या काळात या कंपनीच्या चिपा असंख्य लॅपटॉप संगणकांत बसविण्यात येत होत्या. परंतु त्या चिपांची अंतर्गत माहिती कंपनीने मुक्त प्रणालीच्या कार्यकर्त्यांस उपलब्ध करून दिली नव्हती आणि लिनक्ससाठी मुक्त ड्रायव्हरही दिला नव्हता. तेव्हा स्वयंसेवकांनी एक शिस्तबद्ध मार्ग अवलंबिला. एका गटाने कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरचे निरीक्षण करून चिप कशी वागते याचे वर्णन लिहून काढले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर न पाहता केवळ त्या वर्णनाच्या आधारे नवा ड्रायव्हर लिहिला. अशा रीतीने उसनवारीचा दोष टाळला गेला. हा ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला, व २००८ मध्ये त्याची जागा ‘बी४३’ या सुधारित ड्रायव्हरने घेतली.

तथापि फर्मवेअरचा प्रश्न उरलाच. ते कंपनीच्या मालकीचे होते आणि त्याच्या पुनर्वितरणास परवानगी नव्हती. त्यामुळे ते प्रणालीबरोबर देता येईना. वापरणाऱ्याने कंपनीच्या ड्रायव्हरमधून ते वेगळे काढून घ्यावे, अशी व्यवस्था करावी लागली. जुन्या ब्रॉडकॉम कार्डांस आजही याच मार्गाने जावे लागते. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये या कंपनीने आपल्या काही नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर प्रसिद्ध केला. त्याआधी, २००८ मध्ये, अथेरॉस कंपनीने ‘एटीएच९के’ हा मुक्त ड्रायव्हर दिला होता. त्यावर चालणाऱ्या अंतर्गत कार्डांस वेगळे फर्मवेअर भरावे लागत नाही, आणि म्हणूनच ही जुनी कार्डे आजही निर्वेधपणे चालतात.

प्रथम कार्डाची ओळख

कार्डाच्या वेष्टनावरील नावावर विसंबू नये. एकाच व्यापारी नावाखाली विकल्या जाणाऱ्या यूएसबी कार्डांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत निरनिराळ्या कंपन्यांच्या चिपा आढळतात. खरी ओळख चिपेच्या क्रमांकावरून पटते.

त्यासाठी प्रणालीतील ‘टर्मिनल’ उघडून एक आज्ञा द्यावी. कार्ड अंतर्गत असल्यास एल, एस, पी, सी, आय ही पाच रोमन अक्षरे लहान लिपीत सलग टंकित करावी, एक जागा सोडावी, आणि आडव्या लहान रेघेस जोडून दोन वेळा एन हे अक्षर लिहावे. कार्ड यूएसबी असल्यास केवळ एल, एस, यू, एस, बी ही अक्षरे पुरतात. उत्तरादाखल येणाऱ्या यादीत प्रत्येक उपकरणापुढे अपूर्णविरामाने विभागलेले दोन चार-चार अंकाक्षरी क्रमांक दिसतात. त्यांतील पहिला कंपनीचा व दुसरा चिपेचा होय. अंतर्गत कार्डांच्या बाबतीत १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस, १०ईसी म्हणजे रिअलटेक. इंटेल कंपनीने आपल्यासाठी ८०८६ हा क्रमांक घेतला आहे. १९७८ मधील तिच्या प्रसिद्ध प्रक्रियकाचेच ते नाव आहे.

कार्ड या यादीत मुळीच दिसत नसेल, तर दोष बहुधा यंत्राचा, खाचेचा किंवा संगणकाच्या मूळ मांडणीतील बंद ठेवलेल्या पर्यायाचा असतो. कार्ड दिसत असूनही जोडणी मिळत नसेल, तर पुढील कड्या तपासाव्यात.

फर्मवेअर मिळविणे

संगणक सुरू होताना गाभा स्वतःच्या कामाची रोजनिशी लिहीत असतो. प्रशासकाच्या अधिकाराने डी, एम, ई, एस, जी ही आज्ञा दिल्यास ती वाचता येते. फर्मवेअर सापडले नसेल, तर कोणती फाइल सापडली नाही, हे तीत बहुधा नावानिशी नमूद केलेले असते. ही एक ओळ वाचण्याची सवय लागली, तर निम्मे काम झाले असे समजावे.

डेबियन प्रणालीत पूर्वी बंदिस्त फर्मवेअर प्रणाली बसविण्याच्या मूळ संचात ठेवले जात नसे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ पासून ते मूळ संचातच मिळू लागले. त्यामुळे इंटेल, रिअलटेक आदींची बहुसंख्य कार्डे आता आपोआप चालू होतात. जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचे फर्मवेअर मात्र पुनर्वितरणाच्या बंधनामुळे अद्यापही वेगळे आणावे लागते. त्यासाठी पॅकेजांच्या यादीत ‘कॉन्ट्रिब’ हा विभाग सुरू करून ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ हे पॅकेज बसवावे. ते आवश्यक फाइल इंटरनेटवरून आणून योग्य जागी ठेवते.

येथे एक पेच उभा राहतो. इंटरनेटसाठी फर्मवेअर हवे आणि फर्मवेअरसाठी इंटरनेट हवे. तो सोडविण्याचा साधा उपाय म्हणजे तात्पुरती तारेची जोडणी घेणे. राऊटर जवळ नसल्यास अँड्रॉइड मोबाइल संचाची तार संगणकास जोडून त्यातील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. बहुतेक लिनक्स प्रणाली ही जोडणी कोणत्याही जादा ड्रायव्हरशिवाय ओळखतात. काही मिनिटांत फर्मवेअर उतरवून घेता येते, आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर बिनतारी कार्ड कामास लागते.

कार्ड ओळखले, तरीही जोडणी नाही

याउपरही अडचण राहिल्यास चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, ध्वनिलहरींप्रमाणेच रेडिओ लहरी बंद ठेवण्याचीही सोय असते. अनेक लॅपटॉपांच्या कडेस एक लहान खटका असतो किंवा कळफलकावर तशी कळ असते. ‘आरएफकिल लिस्ट’ या आज्ञेने कार्ड अडविलेले आहे काय, हे कळते. ‘सॉफ्ट’ अडथळा आज्ञेने दूर होतो. ‘हार्ड’ अडथळ्यासाठी प्रत्यक्ष खटकाच फिरवावा लागतो.

दुसरी, लहरींचा पट्टा. अनेक जुनी कार्डे केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. राऊटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर प्रसारण करीत असेल, तर त्याचे नाव अशा कार्डास दिसणारच नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचे विस्तृत पट्टे २०१८ मध्ये परवानामुक्त करण्यात आले. २.४ चा पट्टा दूरवर व भिंतींपलीकडे अधिक चांगला पोहोचतो, म्हणून दगडी भिंतींच्या जुन्या इमारतींत तोच सोयीचा ठरतो.

तिसरी, वाहिनी. काही कार्डे अमेरिकेच्या नियमांनुसार मांडलेली असल्याने १२ व १३ या वाहिन्या वापरत नाहीत. राऊटर त्या वाहिनीवर असल्यास शेजारच्या मोबाइलवर जोडणी दिसते, पण संगणकावर दिसत नाही. राऊटर १, ६ किंवा ११ या वाहिनीवर ठेवल्यास ही अडचण उद्भवत नाही.

चौथी, ‘सिक्युअर बूट’. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांसाठी कंपनीचा स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हर बसवावा लागतो. संगणकात सिक्युअर बूट सुरू असेल, तर स्वाक्षरीविना असलेला असा ड्रायव्हर गाभा स्वीकारीत नाही. त्याची स्वाक्षरी-चावी नोंदविणे हा योग्य उपाय होय.

हे सर्व पार पडल्यावर पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्हावर कळ दाबून जोडणीचे नाव निवडावे व संकेतशब्द द्यावा. ‘नेटवर्क मॅनेजर’ ही आज्ञावली पुढील काम करते व दुसऱ्या दिवशी आपोआप जोडणी घेते.

सुरक्षिततेचा विचार

जोडणी मिळाली म्हणजे काम संपले असे नाही. तार भिंतीच्या आत राहते, लहरी मात्र भिंतीबाहेरही जातात. कार्यालयातील संगणकावर नागरिकांची व विद्यार्थ्यांची माहिती असते, याचे भान ठेवावे लागते. ‘डब्ल्यूईपी’ या जुन्या संरक्षण पद्धतीतील गंभीर दोष २००१ मध्येच उघड झाले. ती कदापि वापरू नये. २००४ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए२’ ही पद्धत जुनी कार्डेही सामान्यतः पाळतात. २०१८ ची ‘डब्ल्यूपीए३’ अधिक सुरक्षित असली, तरी सर्व जुन्या कार्डांस ती जमत नाही. अशा ठिकाणी राऊटरवर दोन्हींची मिश्र मांडणी ठेवता येते. जोडणीस अडचण येते म्हणून संकेतशब्दच काढून टाकणे, किंवा तो भिंतीवर लिहून ठेवणे, हे मात्र दाराला कुलूप लावून किल्ली कडीत अडकविण्यासारखे आहे. कामानिमित्त येणाऱ्यांसाठी वेगळी ‘अतिथी’ जोडणी ठेवावी.

आधी पारख, मग खरेदी

मुक्त प्रणालीचा एक मोठा लाभ असा, की ती न बसविताही पारखता येते. यूएसबी पेनमध्ये ‘लाइव्ह’ संच तयार करून त्यावरून संगणक सुरू केल्यास मूळ चकतीवरील माहितीस हात न लावता कार्ड चालते किंवा नाही, हे थोड्याच वेळात कळते. नवे यूएसबी कार्ड घेण्याची वेळ आलीच, तर चिपेचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आहे, याची विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी. शाळेने किंवा पंचायतीने जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाच्या नोंदीपुढे कार्डाचा क्रमांक, ड्रायव्हर व फर्मवेअर यांची एक ओळ लिहून ठेवावी. शिक्षकाची बदली झाली, लिपिक बदलला, तरी ही ओळ तेथेच राहते, आणि पुढच्या व्यक्तीस सारा शोध नव्याने करावा लागत नाही.

निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही होण्यापूर्वी ही तपासणी एकदा करण्यात आली, तर त्यातील काही यंत्रे तरी पुन्हा वर्गातील मुलांपुढे किंवा कार्यालयातील मेजावर येतील.