पाड्यावरचा कचरा

जव्हार व मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस, तर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. मासिक पाळीतील वापरलेले पॅड गुंडाळून कचरागाडीत द्यावेत, असे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी सांगितले. परंतु दूरच्या पाड्यांवर गाडीच पोचत नसेल, तर द्यावेत कोणाला? पॅडमधील प्लॅस्टिक शेकडो वर्षे कुजत नाही. ते ओढ्यात टाकल्यास पाणी नासते, चुलीत जाळल्यास विषारी धूर निघतो. सुती कापडाची घडी मात्र साबणाने धुऊन पुन्हा वापरता येते. ती कडक उन्हात वाळवावी. उन्हाने जंतू मरतात. पुष्कळ घरी लाजेने ती अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालतात. वास्तविक पाळी हा देहधर्म. त्यात लाज कसली? जीर्ण झालेली घडी विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात पुरली, की कालांतराने कुजून तिची माती होते.