पाहुण्या ब्रॅकेटची गोष्ट

‘‘ताई, आधी पुठ्ठा आणा. पत्र्याचं मग बघू.’’

भवानी पेठेतलं एक छोटंसं फॅब्रिकेशनचं दुकान. बाहेर मागांचा खटखटाट, आत वेल्डिंगचा वास. पुण्याहून वीकेंडला घरी आलेली मी, हातात मोडका लोखंडी तुकडा घेऊन उभी. शेजारी पप्पा. चेहरा असा, की घरातलं कुणीतरी आयसीयूत आहे!

पेशंट होती आमची मारुती ८००. तिचं प्रॉडक्शन २०१४च्या जानेवारीत बंद झालं. पप्पांचं प्रेम मात्र अजून चालू आहे. दर मंगळवारी आईला घेऊन तुळजापूर, तेही हिच्यातूनच. यावेळी इंजिन धरून ठेवणारं एक ब्रॅकेट भोकापाशी तडकलं होतं. हवा तो पार्ट दोन दुकानांत मिळाला नाही. मी म्हटलं, ‘‘विकून टाका ना आता.’’ पप्पा बोललेच नाहीत. गाडीची चावी घेतली आणि घराबाहेर पडले.

एवढासा तुकडा, पण...

गाडीचं इंजिन तीन-चार ठिकाणी धरलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी मध्ये रबर आणि बाजूला ब्रॅकेट. रबर हादरे गिळतं, ब्रॅकेट भार पेलतं. आता थोडं गणित. तीन सिलिंडरचं इंजिन नुसतं उभ्या उभ्या मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर तासाभरात त्यात ८१ हजार स्फोट होतात. पत्रा एका दणक्यात तुटत नाही. तो थकतो. कुठंतरी केसाएवढी चीर पडते आणि रोज थोडी थोडी पुढं सरकते.

पप्पा आयुष्यभर मागाचे जॉबर. हादऱ्यांनी नट कसे सैल होतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको. तुकडा उन्हात धरून त्यांनी चीर नेमकी कुठून सुरू झाली ते दाखवलं. अण्णांनी मान डोलावली. मग दोघांची अशी काही गट्टी जमली की मी चहा सांगायला बाहेर पडले!

अण्णांचा फंडा

इंजिनखाली जॅक आणि लाकडी फळी लावून भार उचलून धरलेला होता. मोडका तुकडा पुठ्ठ्यावर ठेवून अण्णांनी आकार काढला, कापला, दुमडला आणि गाडीत बसवून पाहिला. दोनदा चुकला. पुठ्ठा चुकला तर रुपया जातो, पत्रा चुकला तर दिवस.

मग मूळ तुकड्याची जाडी मोजली आणि त्याहून जाड काळा पत्रा काढला. ‘‘जस्ताचा मुलामा असलेला का नाही?’’ माझा प्रश्न. ‘‘वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत जातो, ताप भरतो ताई.’’

पत्रा वाकवताना कोपरा धारदार ठेवला नाही, गोलाई दिली. आतली गोलाई निदान पत्र्याच्या जाडीइतकी हवी, नाहीतर तिथंच चीर पडते. भोकं वाकवल्यानंतर पाडली, कारण आधी पाडली तर वाकवताना जागा सरकते. कोपऱ्यात आधाराला त्रिकोणी पट्टी वेल्ड केली, कडा कानशीने गुळगुळीत केल्या, वर रेड ऑक्साईड. सगळं वेल्डिंग गाडीबाहेर, टेबलावर. गाडीतच करायची वेळ आली, तर आधी बॅटरीची वायर काढायची.

देवराष्ट्रेची जीप

हा सगळा खटाटोप बघताना मला दत्तात्रय लोहार आठवले. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, हे त्यांचं गाव. भंगारातून त्यांनी छोटी जीप बनवली, खर्च साधारण साठ हजार, आणि स्टार्ट व्हायची दुचाकीसारखी, किक मारून! डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ शेअर केला, तेव्हा सगळा देश ‘वाह’ म्हणाला. पण त्याच वेळी महिंद्रांनी हेही लिहिलं, की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर आणू देणार नाहीत. म्हणून तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीसुद्धा.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कौतुक वेगळं, रस्ता वेगळा. घरी बनवलेल्या पार्टवर आपलाच नाही, समोरून येणाऱ्याचाही जीव असतो. हॉर्न किंवा रिले लावायची पट्टी घरी खुशाल करा, हात बसेल. इंजिनचा भार पेलणारा तुकडा मात्र जाणत्या हातानेच व्हावा. आणि इंजिनच बदलायचं असेल, तर आरटीओची परवानगी हवीच.

घरजावई नको

संध्याकाळी नवीन बोल्ट, स्प्रिंग वॉशर लावून ब्रॅकेट बसलं. गाडी सुरू झाली. पप्पांनी बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले. हादरे ऐकत होते बहुतेक.

पैसे देताना अण्णा म्हणाले, ‘‘हे पाहुणं आहे बरं का, घरजावई करू नका. कंपनीचं मिळालं की बदला. तोवर दर आठवड्याला टॉर्च मारून बघा. आणि यंदा तुळजापूरला एसटीने जा.’’

पप्पा काही बोलणार तेवढ्यात मी ‘हो’ म्हणून टाकलं.

पुण्यात परतल्यावर चार दुकानांत फोन लावले. पाचव्याने ‘आहे’ म्हटलं. पुढच्या शनिवारी सोलापूरला जाताना माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत ग्रीस लागलेला एक खोका असणार आहे. मंगळवारी आई-पप्पा तुळजापूरला. आपल्या गाडीने.