गोचीड-ताप : परीक्षा व उपाय

गाईस एकाएकीं भरून ताप येतो, ती चारा टाकते, दूध आटतें आणि मूत्र कोऱ्या चहासारखें होऊं लागतें. पुष्कळ ठिकाणीं हा उष्णतेचा विकार समजून थंड पदार्थ पाजण्यांत दोन-तीन दिवस घालवितात, व तेवढ्या अवधींत जनावर हातचें जातें. वस्तुतः हा रोग गोचिडांच्या दंशानें रक्तांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा आहे. रुमानियांतील बाबेश यांनीं हे जंतु १८८८ सालीं पाहिले, आणि गोचीड हाच त्यांचा वाहक होय असें अमेरिकेंतील स्मिथ व किलबोर्न यांनीं १८९३ सालीं सिद्ध केलें.

बॅबेशिया हे जंतु रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. पेशींतील रंग मूत्रावाटे जातो, व पापणीची आंतील बाजू फिकी पडते. थायलेरिया हे दुसरे जंतुही गोचिडांपासूनच येतात. त्यांत खांद्यापुढील गांठ सुजून हातास लागते, मूत्र मात्र बहुधा तांबडें होत नाहीं. संकरित गाई-वासरांस हे विशेष बाधतात.

केवळ मूत्राच्या रंगावर विसंबूं नये, असें आम्हांस आग्रहानें सांगावयाचें आहे. व्याल्यानंतर कांहीं आठवड्यांत स्फुरदाच्या उणिवेनेंही मूत्र तांबडें होतें. परंतु त्यांत सहसा ताप नसतो. म्हणून प्रथम तापमापक लावावा. निरोगी गाईचें उष्णमान सुमारें १०१॥ अंश असतें. या रोगांत तें १०४ ते १०७ पर्यंत चढतें. मग औषध टोचण्यापूर्वींच पशुवैद्यांकडून कानाच्या शिरेंतील रक्त कांचपट्टीवर घेऊन तपासवावें.

बॅबेशियावर डायमिनॅझीन किंवा इमिडोकार्ब, व थायलेरियावर बुपारव्हाकोन हीं औषधें आहेत. एकाचें औषध दुसऱ्यावर भरंवशाचें नसल्यामुळें परीक्षेस एवढें महत्त्व आहे. मात्रा जनावराच्या वजनावर ठरते. ती पशुवैद्यांनींच द्यावी, आणि दूध किती दिवस वापरूं नये हेंही त्यांसच विचारावें. आजारी गाईस दूर चालवीत नेऊं नये. सावलींत बांधून पाणी जवळ ठेवावें.

एक गोचीड-मादी दोन-तीन हजार अंडीं घालते. म्हणून गोठ्याच्या भिंतींच्या भेगा लिंपून बुजवाव्या, जनावरांवर व गोठ्यांत गोचीडनाशक एकाच वेळीं वापरावें, आणि विकत आणलेलें जनावर गोचीड काढल्यावांचून कळपांत सोडूं नये. थायलेरियावर लसही निघाली आहे. संकरित वासरें पाळणारांनीं ती अवश्य टोचून घ्यावी. एका दुभत्या गाईच्या किंमतीपुढें हा खर्च कांहींच नव्हे.