रिकाम्या घरातली हिंसा

अमेरिकेत ज्या गुन्ह्याला एका वर्षाहून अधिक कैद होऊ शकते, त्याला साधारणपणे ‘फेलनी’ म्हणतात. त्यातही हिंसक फेलनी वेगळी आणि हिंसा नसलेली वेगळी. कोणाला इजा झाली का, यावरून ही वाटणी होत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण कायदा तसा चालत नाही. घरफोडीचेच पाहा. एफबीआयच्या नेहमीच्या आकडेवारीत हिंसक गुन्हे चारच: खून, बलात्कार, जबरी चोरी आणि गंभीर हल्ला. घरफोडी तिथे मालमत्तेच्या रकान्यात जाते. न्यूयॉर्कमध्ये मात्र गुन्हा करण्याच्या हेतूने राहत्या घरात बेकायदा शिरणे हिंसक फेलनीत मोडते, घरचे सगळे तेव्हा परगावी असले तरी. १९८४च्या एका केंद्रीय कायद्यानेही घरफोडीला हिंसक ठरवले. हिंसक किंवा गंभीर अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत तीनदा दोषी ठरलेल्या माणसाकडे बंदूक सापडली, तर या कायद्याने त्याला किमान १५ वर्षांची कैद होते. म्हणजे ‘हिंसक’ हे घडलेल्या प्रसंगाचे वर्णन नव्हे, तो शिक्षा वाढवण्यासाठी मारलेला शिक्का आहे. आणि एवढी वर्षे एकट्या शिक्क्यावर टांगणे मला चुकीचे वाटते.

यावर म्हटले जाते की चोर घरात असताना मालक परतला तर रक्तपात व्हायला कितीसा वेळ लागतो? धोका खरा आहे. पण संभाव्य धोक्याला हिंसा म्हणू लागलो की थांबायचे कुठे? त्याच कायद्यात इजेचा गंभीर धोका असलेल्या इतर कृत्यांनाही हिंसक ठरवणारे एक मोघम कलम होते. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणे हिंसक नाही म्हटले आणि २०११ मध्ये पोलिसांना चुकवून गाडी पळवणे हिंसक ठरवले. अखेर २०१५ मध्ये जॉन्सन खटल्यात हे कलम संदिग्ध म्हणून रद्द झाले. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्कालिया यांनी, आणि ते काही गुन्हेगारांचे कैवारी म्हणून ओळखले जात नव्हते. उरलेल्या व्याख्येतही न्यायालय आरोपीने काय केले ते पाहत नाही, गुन्ह्याच्या कलमाची शब्दरचना पाहते. म्हणून २०२१च्या बॉर्डन निकालानुसार केवळ बेपर्वाईनेही सिद्ध होऊ शकणारा हल्ला या कायद्यापुरता हिंसक ठरत नाही, मग समोरच्याचे हाड का मोडलेले असेना.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शिक्का काढला तर सगळे न्यायाधीशाच्या मर्जीवर जाईल, त्यापेक्षा नेमकी यादी बरी. यादीने संदिग्धता जाते, हे मान्य. पण कॅलिफोर्नियात अशी यादी होतीच. २०१६ मध्ये मतदारांनी हिंसा नसलेल्या फेलनीच्या कैद्यांना लवकर पॅरोलचा मार्ग खुला केला, तेव्हा त्या यादीत बेशुद्ध व्यक्तीवरचा बलात्कार नव्हता! प्रत्यक्ष इजा, हेतू आणि शस्त्र यांचा पुरावा त्या-त्या खटल्यात तपासून शिक्षा ठरवणे कष्टाचे असेल, पण मर्जीचे नव्हे. त्या शिक्षेवर अपील करता येते.

ग्रीन कार्डावर तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा फरक ठाऊक हवा. हिंसेच्या गुन्ह्यात एक वर्षाची शिक्षा झाली, तर कायदेशीर रहिवाशालाही देशाबाहेर काढता येते. हद्दपारीसाठी वापरल्या जाणाऱ्या हिंसेच्या व्याख्येतले असेच मोघम कलम २०१८च्या दिमाया निकालाने रद्द केले. मात्र ‘आपला गुन्हा हिंसक नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, कारण हद्दपारीला पात्र ठरवणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत १० हजार डॉलरांहून अधिक नुकसान करणारी फसवणूकही आहे.