घाण्याच्या करडई तेलात काय असतं?

बिदर-कलबुर्गीच्या काळ्या रानात, भालकी-औरादपासून आळंदपर्यंत, रब्बी ज्वारीच्या कडेनं काटेरी करडई पेरायची जुनी रीत. जनावरं आत शिरत नाहीत आणि घराला तेलही मिळतं.

या तेलात साधारण 70 ते 78 टक्के लिनोलिक आम्ल असतं, तर ओलिक आम्ल 10 ते 15 टक्क्यांच्या आसपास. ऑलिव्ह तेलाचं गणित नेमकं उलटं : तिथं ओलिकच 55 ते 83 टक्के. लिनोलिकच्या रेणूत दोन दुहेरी बंध असतात, त्यामुळे हवेतला प्राणवायू त्याला लवकर गाठतो आणि तेल खवट होतं. राखणीला असतं ई जीवनसत्त्व, म्हणजे अल्फा-टोकोफेरॉल : 100 ग्रॅम तेलात सुमारे 34 मिलिग्रॅम, ऑलिव्हच्या दुपटीहून जास्त. रिफाइंड करताना वास काढण्यासाठी तेल खूप तापवतात, तेव्हा या जीवनसत्त्वाचा काही भाग निघून जातो. लाकडी घाण्याचं तेल मला म्हणूनच मोलाचं वाटतं.

ऑलिव्हला कडवट-तिखट चव देणारी पॉलिफेनॉल मात्र इथं नसल्यातच जमा. करडईच्या बियांतली सेरोटोनिनपासून बनलेली अँटिऑक्सिडंट द्रव्यं बहुतांशी पेंडीत राहतात, म्हणजे गुरांच्या वाट्याला जातात!

जास्त ओलिकवाली करडईही आहे. कॅलिफोर्नियात ‘यूसी-1’ हे तसं वाण 1966 मध्ये आलं. आपलं नेहमीचं तेल थोडं थोडं गाळून आणावं, गडद बाटलीत, चुलीपासून लांब ठेवावं. तळणाचं उरलेलं तेल पुन्हा कढईत घालू नये.